वाकडे पाऊल सरळ होते. बूट मात्र सोडू नका

आत वळलेल्या पावलांचे बाळ जन्मले की आपल्याकडे पहिली चौकशी ग्रहणाची होते. आईने गरोदरपणी ग्रहणात विळी हाती घेतली होती का, भाजी चिरली होती का? ग्रहणाचा या व्यंगाशी काडीचाही संबंध नाही. हजारातून साधारण एका बाळाला ते असते आणि त्यात आईचा काही दोष नसतो.

डॉक्टरी भाषेत याला क्लबफूट म्हणतात. पूर्वी यावर मोठी शस्त्रक्रिया करीत. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांनी १९४०च्या दशकात असे जुने रुग्ण पुन्हा तपासले. शस्त्रक्रिया झालेली पावले ताठ व दुखरी आढळली. तान्ह्या बाळाचे सांधे लवचिक असतात, याचा त्यांनी उपयोग केला. दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने थोडे वळवून प्लॅस्टर घालायचे. अशी पाच-सहा प्लॅस्टर झाली की बहुतेक बाळांना टाचेमागची आखडलेली शीर छोट्या छेदाने मोकळी करावी लागते. त्यानंतर तीन आठवड्यांचे शेवटचे प्लॅस्टर.

ही पद्धत त्यांनी १९६३ साली मांडली, पण ती सर्वमान्य झाली १९९५ नंतर. त्या वर्षी, बालपणी हे उपचार घेतलेल्यांची सरासरी चौतिसाव्या वर्षी केलेली तपासणी प्रसिद्ध झाली. ७८ टक्के लोकांचे पाय चांगले वा उत्तम होते. जन्मतः निर्दोष पाय असलेल्यांत हेच प्रमाण ८५ टक्के होते. बरा केलेला रुग्ण तीस वर्षांनी कसा चालतो हे पाहणारे संशोधन मला सर्वांत मोलाचे वाटते.

आता मुख्य मुद्दा. प्लॅस्टर निघाल्यावर दांडीने जोडलेले बूट पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि पुढे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेत घालावे लागतात. पाऊल सरळ दिसते, मूल रडते, आजीला दया येते आणि बूट माळ्यावर जातात. पाऊल पुन्हा वळण्याचे हेच प्रमुख कारण आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून हे उपचार मोफत आहेत. पण वारंवार येण्यात मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे जाते. म्हणून लसीकरणासारखी बुटांचीही विचारपूस आशाताईंनी घरी जाऊन करावी आणि त्याचा मोबदला त्यांना मिळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पालकांनो, मालिश करीत वाट पाहू नका. पहिल्या काही आठवड्यांतच बाळाला जिल्हा रुग्णालयात न्या.