अनारशावरची खसखस

सांगवीतून नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. पाटी बदलते, बाकी काही बदलत नाही. तोच ऊस, तीच बोली, आणि अडलं-नडलं की तोच शब्द : ‘चालतंय की.’ गाडीचे कागद घरी राहिले, चालतंय की. पावती नाही मिळाली, चालतंय की. या शब्दात आपुलकी आहे, एकमेकांना सांभाळून घेणं आहे. पण हाच शब्द सोबत घेऊन गावचा पोरगा विमानात बसतो, तेव्हा मला धास्ती वाटते.

दिवाळीनंतर आमच्या शेजारचा मुलगा दुबईला निघाला होता. आयटीआय केलेला वेल्डर. आदल्या रात्री भेटायला गेलो, तर कॉटवर पिशव्यांची रांग लागलेली. चकली, चिवडा, शंकरपाळी, आणि स्टीलच्या डब्यात कागद घालून एकावर एक रचलेले अनारसे. जाळी सुरेख पडलेली, वर खसखस. मी त्याच्या आईला म्हणालो, ‘‘वहिनी, हा डबा नाही जायचा.’’

‘‘का हो भावजी? खसखस म्हणजे काय दारू आहे का?’’

त्यांचा प्रश्न बरोबर होता. खसखस अफूच्या बोंडातलं बी. आपल्याकडे मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफू पिकते आणि तिचं बी किराणा दुकानात राजरोस मिळतं. संयुक्त अरब अमिरातीत आणि सौदी अरेबियात मात्र हेच बी अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. विमानतळावर डबा उघडला, तर ‘आईनं दिलंय’ हे उत्तर तिथं कामाला येत नाही. सिंगापूरलाही खसखस न्यायची तर अंमली पदार्थ खात्याची मंजुरी लागते.

अनारसा तळला की खसखस निघत नाही. वहिनींनी तो डबा बाजूला ठेवला, उरलेलं पीठ काढलं आणि रात्री अकराला पुन्हा कढई चढवली. तेवढ्यात त्यांच्याच लक्षात आलं की कांदा-लसूण मसाल्यातही खसखस भाजून घातलीय. ती बरणीही मागे राहिली.

त्या रांगेत एक पिशवी घरची नव्हती. पलीकडच्या आळीतल्या एका माउलीनं तिकडे असलेल्या आपल्या मुलासाठी दिली होती; वर चिकटपट्टी पक्की लावलेली. गावात अशी पिशवी नाकारणं म्हणजे माणूसच नाकारणं. तरी मी ती उघडायला लावली. आत लाडू होते आणि खोकल्याच्या औषधाची बाटली. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉलची वेदनाशामक गोळी अमिरातीत आधी परवानगी घेतल्याशिवाय नेता येत नाही. स्वतःची औषधं न्यायची तरी डॉक्टरची चिठ्ठी आणि मूळ पाकीट हवं. ती बाटली चिठ्ठीविना, दुसऱ्याच्या नावानं चालली होती. सामान ज्याच्या हातात, गुन्हा त्याच्या नावावर. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, पिशवी घ्यायची तर देणाऱ्याच्या समोर उघडून घ्या. त्यात अपमान नाही.

आता कागदांचं. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ शेरा असतो. आखाती देशांसह 18 देशांत नोकरीला जाताना अशा माणसाला 1983 च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे सरकारी मंजुरी घ्यावी लागते. ती सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर मिळते आणि तिच्यासोबत दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा येतो. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि वर जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. जमीन गहाण टाकून दीड-दोन लाख एजंटाच्या हातावर ठेवणाऱ्या बापाला हा आकडा कुणी सांगितलेला नसतो, याचा मला राग येतो. आणि ‘आधी टुरिस्ट व्हिसावर जा, मग बघू’ म्हणणारा एजंट तुमच्या मुलाला बेकायदा कामगार करून पाठवत असतो.

अमिरातीत मालकानं कामगाराचा पासपोर्ट ठेवून घेणं बेकायदा आहे. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे. नोकरीचा प्रस्ताव हिंदीतही मिळतो. तो मागावा, वाचावा, मगच सही करावी. हे हक्क आहेत. दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. तिथं संप करता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर शिवी दिली, परवानगीशिवाय कुणाचा फोटो काढला, तर खटला होतो. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी कामगारांच्या कॅम्पात गोळा करणंसुद्धा परवान्याविना गुन्हा आहे. इथल्या मंडळांनी निदान हे ध्यानात घेऊन तिकडच्या पोरांना वर्गणीचे मेसेज धाडू नयेत. कुवेतमध्ये रोजाच्या वेळी चारचौघांत खाल्लं-प्यायलं तर दंड आणि कैद होऊ शकते.

आता जर्मनीचंही नाव गावोगाव ऐकू येतं. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी 10 हजार कुशल कामगार पुरवण्याचा करार केला; त्यात ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन, नर्स असे सगळे आले. तिथं आपलं लायसन्स सहाच महिने चालतं, पुढं लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची. रात्री दहानंतर आणि रविवारी आवाज नको. मला सगळ्यात जपून सांगावीशी वाटते ती स्वस्तिकाची गोष्ट. नवी गाडी आली की आपण बॉनेटवर कुंकवानं स्वस्तिक काढतो. जर्मनीत नाझींचं चिन्ह जाहीरपणे मिरवणं हा फौजदारी गुन्हा आहे. आपलं स्वस्तिक वेगळं, त्याचा अर्थ मंगल, हे खरं. पण ज्यांच्या घरची माणसं त्या चिन्हाखाली मारली गेली, त्यांना रस्त्यातून जाताना ते कसं कळावं? पूजा घरात करावी, गाडीवर नको.

शेजारचा मुलगा सुखरूप पोहोचला. निघण्याआधी त्याच्या पासपोर्टची, व्हिसाची आणि कराराची झेरॉक्स काढून मी वहिनींच्या कपाटात ठेवायला लावली. ज्यांचं कुणी परदेशी आहे त्यांनी आजच हे करावं. परराष्ट्र खात्याच्या ‘मदत’ पोर्टलवर घरची माणसं इथूनही तक्रार नोंदवू शकतात. त्या वेळी हेच कागद हाताशी लागतात.