घरच्या सर्व्हरची कीर्द

पेढीवर व्यवहार प्रथम कीर्दीत नोंदला जातो. खतावणी सवडीने होते. झेडएफएस प्रणालीवर चालणारा घरगुती सर्व्हरही हीच शिस्त पाळतो. ज्या लेखनाला तत्काळ पोच हवी असते, ते तो आधी लॉगमध्ये उतरवतो. साधारण ५ सेकंदांनी ते मूळ डिस्कवर जाते. लॉगसाठी स्वतंत्र एसएसडी जोडल्यास दुकानाच्या हिशेबाचा डेटाबेस वेगाने चालू शकतो. छायाचित्रांच्या साध्या नकलेला मात्र तिचा लाभ होत नाही.

या कामी वापरलेली एंटरप्राइज एसएसडी नव्या स्वस्त एसएसडीहून सरस ठरते. वीज जाताच हातातील नोंद पुरी करण्याइतकी ऊर्जा तिच्या कपॅसिटरांत असते. म्हणून ती निर्धास्तपणे, चटकन पोच देते. २०१२ साली आलेल्या इंटेल डीसी एस३७०० ची लेखनक्षमता रोज पूर्ण आकारमानाच्या १० पट, तीही ५ वर्षे, अशी सांगितली होती. २०० जीबीच्या डिस्कसाठी हे ३६५० टेराबाइट होतात.

आकारमानाचा मोह नको. गिगाबिट जाळ्यातून सेकंदाला १२५ मेगाबाइटच येतात. काही सेकंदांच्या नोंदींना १६ जीबीही पुष्कळ. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून स्मार्ट अहवाल मागवावा. त्यात झीज, एकूण लेखन, निकामी सेक्टर आणि कपॅसिटरची चाचणी पाहावी. अहवाल देण्यास टाळाटाळ झाली, तर सौदा सोडावा.

आणि कीर्द नीट ठेवली, तरी वहीची दुसरी प्रत लागतेच. लॉग म्हणजे बॅकअप नव्हे.