हृदयाची गोळी आणि बुब्बुळावरील भोवरा

हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडलेल्या अनेक ज्येष्ठांना ‘अमिओडारोन’ हे औषध दीर्घकाळ घ्यावे लागते. मोतीबिंदूच्या तपासणीस गेले असता नेत्रतज्ज्ञ स्लिट लॅम्पमधून पाहून सांगतात, ‘पारपटलावर औषधाचे कण साचले आहेत.’ घरी परतताना मनात एकच विचार घोळतो : ही गोळी आता बंद करावी काय? स्वतःच्या मनाने, एक दिवसही नाही.

पारपटल, म्हणजे कॉर्निया, हा डोळ्याचा सर्वांत पुढचा, काचेसारखा पारदर्शक पडदा. हे औषध पेशींतील स्निग्ध द्रव्यांशी जखडले जाऊन तेथेच साठते. त्यातून पारपटलाच्या वरच्या थरात सोनेरी-तपकिरी सूक्ष्म कण जमतात आणि दोन्ही डोळ्यांत मांजराच्या मिशांसारख्या, भोवऱ्यासारख्या वळलेल्या रेषा उमटतात. काही महिने गोळी घेणाऱ्या बहुतेक सर्वांच्याच डोळ्यांत त्या आढळतात. आरशात त्या दिसत नाहीत. दृष्टीही सहसा मंदावत नाही. थोड्यांना रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात.

यावर उपचार? खरे सांगायचे तर, बहुधा कोणताच नको. हे कण धुऊन काढणारे थेंब नाहीत. मध, गुलाबपाणी यांच्या वाटेला तर जाऊच नये. डोळे दिपत असतील तर उन्हात गडद चष्मा व टोपी वापरावी. या औषधाने त्वचाही उन्हात पोळते, तेव्हा तो दुहेरी लाभ. मात्रा कमी करता येईल का, हे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. औषध थांबल्यावर कण आपोआप विरतात, मात्र त्यास अनेक महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ लागतो. कारण हे औषध शरीरातून फार सावकाश बाहेर पडते.

भय बाळगायचे ते निराळ्या गोष्टीचे. क्वचित दृष्टीच्या मज्जातंतूला इजा होते. नजर अंधुक होणे, रंग फिके वाटणे, दृष्टीचा एखादा भाग झाकोळणे, यांपैकी काही जाणवल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठावे. ज्येष्ठ मंडळी ‘वयामुळे असेल’ म्हणून गप्प राहतात. म्हणून घरच्यांनीच अधूनमधून एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरातील तारखा वाचायला सांगाव्यात.

200 मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे 75 मिलिग्रॅम आयोडीन असते. त्यामुळे थायरॉइडची, तसेच यकृताची रक्ततपासणी दर 6 महिन्यांनी करावी. कोरडा खोकला वा धाप लागल्यास वाट पाहू नये. आणि कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची पट्टी सोबत न्यावी.