लढाई खेळा, पण मोजून!

आपल्याकडे इतिहासाचा अभिमान भरपूर आहे, चौकशी मात्र फार कमी! होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एखादं तरी पोस्टर असतं, बाइकच्या नंबरप्लेटवर स्टिकर असतं, गॅदरिंगला पोवाडा सुरू झाला की शिट्ट्यांनी हॉल दणाणतो. पण त्याच हॉलमध्ये उभं राहून "असईची लढाई कोणाकोणात झाली?" असं विचारलं, तर किती हात वर येतील? माझ्यासारखीचं सोडा, मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत वॉटर्लू अगदी तारखेसकट पाठ करून घेतलं होतं. त्या वॉटर्लूच्या बारा वर्षं आधी हाच वेलिंग्टन आपल्या जालना जिल्ह्यात काय करत होता, हे मला कळलं ते थेट इंग्लंडमध्ये, आणि तेही छोट्या सैनिकांच्या एका जत्रेत!

हा लेख त्या जत्रेबद्दल आहे. तिला टेबलटॉप वॉरगेमिंगचं कन्व्हेन्शन म्हणतात. टेबलावर बोटभर उंचीचे सैनिक मांडून लढाया खेळणाऱ्या लोकांचा हा मेळावा. हा प्रकार आपल्या कॉलेजात यायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त एका अटीवर. ती अट शेवटी सांगते.

आधी खेळ काय ते समजून घेऊ. हा कॉम्प्युटर गेम नव्हे. सहा बाय चार फुटांचं टेबल, त्यावर टेकड्या, नदी, गाव, झाडं. दोन्ही बाजूंनी सैन्य मांडलेलं. एक डाव तुमचा, एक माझा. मेजरिंग टेपने अंतर मोजून तुकड्या पुढे सरकवायच्या, गोळीबाराचा निकाल फासे टाकून लावायचा. नियमांचं आख्खं पुस्तक असतं. त्यात थकलेली तुकडी, न पोचलेला निरोप, घाबरून पळणारे शिपाई अशा सगळ्याची सोय केलेली असते. थोडक्यात म्हणजे प्रॉबेबिलिटीचं प्रॅक्टिकल, फक्त जर्नल लिहावं लागत नाही!

या खेळाचं मूळ बघितलं तर मजा वाटते. प्रशियाच्या सैन्यातल्या फॉन राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये 'क्रीगस्पील'चे नियम छापले. त्याच्या वडिलांनी त्याआधी राजासाठी असंच एक टेबल करून दिलं होतं. नकाशावर धातूचे छोटे ठोकळे सरकवून अधिकाऱ्यांना लढाई शिकवायची, हा उद्देश. म्हणजे एक बाप लष्करातला. दुसरा बाप मात्र लेखक! एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहिलं, खेळण्यातल्या शिपायांनी लढण्याचे नियम सांगणारं. त्याचं म्हणणं साधारण असं होतं की ही छोटी लढाई तीन-चार वेळा खेळून बघा, म्हणजे खरं युद्ध हा किती गोंधळाचा कारभार असतो ते कळेल. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. असो. एक बाप युद्ध शिकवणारा आणि दुसरा युद्धाला हसणारा, अशा घरात हा खेळ वाढला. तो नक्की कोणावर गेलाय, हा प्रश्न मला अजूनही पडतो.

माझा मावसभाऊ नॉटिंगहॅमला एमएससी करतो आणि शनिवार-रविवार एका छोट्या व्यापाऱ्याकडे काम करतो. लेझरने कापलेल्या एमडीएफची घरं, पूल, कुंपणं असा त्या व्यापाऱ्याचा माल. मे महिन्याच्या सुट्टीत मी मावशीबरोबर तिकडे गेले होते, तेव्हा एका रविवारी दादाने मला जवळच्या नेवार्क गावी नेलं. तिथे 'पार्टिझन' नावाचं कन्व्हेन्शन वर्षातून दोनदा भरतं. नॉटिंगहॅमचा तो भाग म्हणजे या धंद्याची पंढरीच. वॉरहॅमरवाली गेम्स वर्कशॉप ही कंपनी तिथलीच. १९७५ मध्ये तिघा मित्रांनी लंडनमध्ये सुरू केलेली ही कंपनी २०२४ च्या डिसेंबरमध्ये लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभर कंपन्यांत जाऊन बसली. छोट्या सैनिकांच्या जिवावर!

पण मला भावली ती मोठी कंपनी नाही. पार्टिझन भरवतो तो 'नेवार्क इर्रेग्युलर्स' नावाचा हौशी लोकांचा क्लब. स्टेज नाही, सेलिब्रिटी नाही, डीजे नाही. एका बाजूला व्यापाऱ्यांची टेबलं, दुसऱ्या बाजूला खेळांची. काही खेळ नुसते बघायचे आणि काही बसून खेळायचे. खेळायच्या टेबलावर कोणीही नवखा माणूस आला, की त्याला खुर्ची मिळते, तुकडी मिळते, नियम समजावून सांगितले जातात. आपल्या टेक-फेस्टमध्ये स्पॉन्सरचा बॅनर आधी लागतो आणि प्रोजेक्ट नंतर येतो. तिथे बॅनर शोधावा लागत होता!

व्यापाऱ्याच्या बाजूने बघितलं तर हा धंदा सोपा नाही. भल्या पहाटे गाडी भरायची, टेबलाचं भाडं द्यायचं, दहा वाजता दार उघडायच्या आत सगळं मांडायचं. दादाचा मालक म्हणाला, "पहिल्या दोन तासांत गिऱ्हाईक घेतं, नंतरचे दोन तास गप्पा मारतं. पण गप्पा मारल्या नाहीत तर पुढच्या वेळी घेत नाही." हे गिऱ्हाईकही भारी असतं. एमडीएफ किती मिलिमीटरचं, खाचा नीट बसतात का, नेपोलियनच्या काळात असं छप्पर होतं का, असं काहीही विचारतं. आणि माल करणारा माणूस स्वतःच समोर उभा असल्यामुळे त्याला उत्तर द्यावंच लागतं. आपल्या व्हायव्हापेक्षा हे अवघड, कारण इथे एक्स्टर्नल खिशातले पैसे घेऊन आलेला असतो!

मेकॅनिकलवाल्यांनी तर एकदा जायलाच हवं. सेकंड इयरला सेंट्रिफ्युगल कास्टिंगची आकृती मी तीनदा काढली, पण त्यातून काय बनतं ते कधी बघितलं नव्हतं. हे धातूचे सैनिक त्यातूनच बनतात. आधी कलाकार इपॉक्सी पुटीत एक मूळ मूर्ती घडवतो. ती रबराच्या दोन तबकड्यांत दाबून, तापवून साचा तयार करतात. साचा फिरवत ठेवायचा आणि मध्यभागी वितळलेला धातू ओतायचा, मुख्यतः कथिलाचा मिश्रधातू. तो फिरण्याच्या जोराने कडेपर्यंत, पार बंदुकीच्या टोकापर्यंत पोचतो. रबराचा साचा स्वस्त पडतो, म्हणून एकटा माणूससुद्धा गॅरेजमध्ये हा धंदा करू शकतो. प्लास्टिकसाठी लागणारा स्टीलचा साचा फार महाग, त्यासाठी हजारोंनी विक्री हवी. आणि आता रेझिनचे थ्री-डी प्रिंटर आल्यामुळे काही जण सैनिक विकतच नाहीत, फक्त त्याची फाइल विकतात. एका हॉलमध्ये प्रॉडक्शन इंजिनिअरिंगचे तीन चॅप्टर शेजारी शेजारी बसलेले!

आणि अशाच एका टेबलावर मला असई भेटली. दोन नद्या, मध्ये जमिनीचा चिंचोळा पट्टा, एका बाजूला मातीच्या भिंतींचं गाव. कार्डावर इंग्रजीत 'असाय' असं काहीतरी. टेबल चालवणारे गृहस्थ माझ्या वडिलांच्या वयाचे असतील. मी कुठली ते ऐकल्यावर त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती गावाच्या नावाचा खरा उच्चार. मी "असई" म्हटलं, त्यांनी दोनदा म्हणून बघितलं आणि कार्डावर पेनने दुरुस्ती केली. मग मला म्हणाले, "बसा, पोलमन व्हा."

पोलमन कोण? तर २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणी ज्याच्या हाताखाली होत्या तो हॅनोव्हरचा जर्मन माणूस! समोर आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढचा वेलिंग्टन. केळणा नदीच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर दिसतात, म्हणजे मध्ये उतार असणारच, असा साधा तर्क त्याने केला. वाटाडे नाही म्हणत असताना! त्या उतारावरून तो मराठी फौजेच्या बगलेवर आला. पण पोलमनही कच्चा नव्हता. त्याने आख्खी फळी काटकोनात फिरवून तोफा पुन्हा इंग्रजांसमोर आणल्या. इंग्रजांना हे अजिबात अपेक्षित नव्हतं. त्या तोफांनी वेलस्लीच्या चौऱ्याहत्तराव्या हायलँडर पलटणीची असई गावासमोर अक्षरशः चाळण केली. लढाई इंग्रजांनी जिंकली, ९८ तोफा घेतल्या, पण दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. पुढे म्हातारपणी वेलिंग्टनला कोणीतरी विचारलं, तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती? तो वॉटर्लू म्हणाला नाही, असई म्हणाला!

टेबलावर बसलं की 'आपले' आणि 'त्यांचे' हे इतकं सोपं राहत नाही. 'आपल्या' पलटणींचा सेनापती जर्मन. कंपनीने जाहीरनामा काढल्यावर शिंद्यांच्या नोकरीतले कितीतरी इंग्रज अधिकारी लढाईआधीच सोडून गेलेले. 'त्यांच्या' बाजूला मोठा भरणा मद्रासच्या देशी शिपायांचा. आणि वसईच्या तहामुळे पेशव्यांचे घोडेस्वारसुद्धा वेलस्लीबरोबर! शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांचं हजारोंचं घोडदळ मैदानात होतं, पण पायदळाच्या मदतीला ते जवळपास आलंच नाही. त्या टेबलाच्या नियमात घोडदळ हलवायचं तर फाशावर पाच किंवा सहा पडावे लागत. मी चार वेळा टाकले, एकदाही पडले नाहीत. चिडून म्हटलं, "हा नियम अन्यायाचा आहे." गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मग कसा हवा? ते का आले नाहीत, ते तुम्ही सांगा, आपण नियम बदलू."

मला वाटतं, हाच प्रश्न आपण आपल्या इतिहासाला विचारत नाही. आपण फितुरी म्हणतो, नशीब म्हणतो आणि विषय बंद करतो. नियम लिहायचा झाला तर तसं चालत नाही. पगार थकले होते का? सरदारांचा एकमेकांवर विश्वास नव्हता का? हुकूम द्यायचा अधिकार नक्की कोणाचा होता? प्रत्येक उत्तराला कारण द्यावं लागतं, कारण समोरचा लगेच विचारतो, "मग फाशावर किती?"

परत आल्यावर हे सगळं मी रूममध्ये मोठ्या उत्साहाने सांगितलं. माझ्या रूममेटचे बाबा फौजेत होते, गुडघ्यात स्टीलची सळी घेऊन रिटायर झाले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुमच्या टेबलावर जखमी कुठे ठेवतात?"

उत्तर असं की कुठेच नाही. बाद झालेला सैनिक उचलून डब्यात जातो आणि पुढच्या रविवारी पुन्हा ताजातवाना उभा राहतो. असईचं गाव टेबलावर होतं, गावकरी नव्हते. हॉलमधल्या कितीतरी लोकांसाठी आपल्याकडची ती लढाई म्हणजे रंगीत गणवेश आणि हत्ती, एवढंच असावं. रूममेटचं म्हणणं खोडून काढता येत नाही, आणि मला ते काढायचंही नाही. पण म्हणून खेळच नको, हे मला पटत नाही. कारण खेळाशिवाय आपण जे करतो, म्हणजे पोस्टर, स्टिकर, शिट्ट्या, त्यात तरी जखमी कुठे असतात? तिथे तर प्रश्नसुद्धा नसतो.

म्हणून माझी सूचना. पुढच्या टेक-फेस्टमध्ये एक टेबल असईचं लावूया. वर्कशॉपमधल्या लेझर कटरवर गाव आणि टेकड्या होतील, लॅबच्या प्रिंटरवर थोडे सैनिक. तेही जमले नाहीत तर पुठ्ठ्याचे ठोकळे चालतील, राइसविट्झनेही ठोकळ्यांवरच भागवलं होतं. स्पॉन्सर नको. सिव्हिलवाल्यांनी नद्यांचा नकाशा करावा, कॉम्प्युटरवाल्यांनी फाशांची गणितं तपासावीत, आणि नियम सगळ्यांनी भांडून ठरवावेत. प्रत्येकाने दोन डाव खेळायचे, एक शिंद्यांकडून, एक वेलस्लीकडून.

आणि ती अट. बाद झालेली तुकडी डब्यात टाकायची नाही. टेबलाच्या कडेला रांगेत ठेवायची, प्रत्येकीखाली किती माणसं ते लिहायचं, आणि डाव संपल्यावर विजेत्याने तो आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. इंग्रजांच्या बाजूचा खरा आकडा पलटणवार मिळतो. आपल्या बाजूची मोजदाद आपल्याला मिळते तीसुद्धा इंग्रजांच्या अंदाजातूनच. ज्यांचा आपण एवढा अभिमान बाळगतो, ते किती पडले हे सांगायला आपल्याला शत्रूची वही उघडावी लागते!

टेबलाला जागा मिळाली तर पहिला आकडा वाचायला माझ्या रूममेटला बोलवायचं मी ठरवलंय. ती अजून 'हो' म्हणालेली नाही. बघा, तुम्हाला पटतंय का!