पदवीनंतरचा अभ्यास

मुंबईतल्या शंभराच्या आसपास खासगी डॉक्टरांना मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड या संशोधकांनी एक साधे काम सांगितले होते : फुप्फुसाच्या क्षयरोगाच्या नव्या रुग्णाला तुम्ही जी औषधे द्याल, ती लिहून दाखवा. त्यांचा अभ्यास १९९१मध्ये प्रसिद्ध झाला. तेवढ्या डॉक्टरांनी मिळून ८० वेगवेगळ्या उपचारपद्धती लिहिल्या होत्या. पुढे जवळपास वीस वर्षांनी हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया यांनी उपळेकर यांच्याच सहभागाने मुंबईत हाच प्रश्न पुन्हा विचारला. १०६ डॉक्टरांकडून या वेळी ६३ पद्धती आल्या आणि पूर्णपणे बरोबर चिठ्ठी फक्त सहा जणांची निघाली. हे निष्कर्ष २०१०मध्ये छापून आले.

या दोन अभ्यासांच्या मधल्या काळात क्षयरोगाबद्दल काही शिकवलेच गेले नाही, असे मुळीच नाही. सुधारित राष्ट्रीय कार्यक्रम १९९७मध्ये सुरू झाला, २००६पर्यंत 'डॉट्स', म्हणजे देखरेखीखाली औषधे देण्याची पद्धत, देशभर पोहोचली. दरवर्षी २४ मार्चला, जागतिक क्षयरोग दिनी, व्याख्याने झाली, पुस्तिका वाटल्या गेल्या, डॉक्टरांच्या संघटनांनी परिसंवाद भरवले. तरीही औषध किती मिलिग्रॅम, वजनाप्रमाणे किती आणि किती महिने, हे चिठ्ठीवर उतरवताना पन्नास हातांनी पन्नास वाटा धरल्या. क्षयरोगात अशा चुकीची किंमत फार मोठी असते. मात्रा कमी पडली किंवा एखादे औषध मध्येच सुटले की जंतू मरत नाहीत, त्या औषधाला सरावतात. मग हाच रोग त्या रुग्णाच्या घरातल्यांना होतो तेव्हा पहिल्या फळीच्या औषधांना दाद देत नाही. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगाने मुंबईची वस्तीच्या वस्ती पोखरली, त्यामागे दाटीवाटीची घरे आणि कुपोषण आहेच. या चिठ्ठ्यांचाही त्यात वाटा आहे.

म्हणून डॉक्टर, परिचारिका आणि इतर आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पदवीनंतरच्या शिक्षणाचा प्रश्न हा केवळ त्यांच्या परिषदांचा अंतर्गत कारभार नाही. तो रुग्णाचा प्रश्न आहे.

आपल्याकडचा नियम वाचायला सोपा आहे. भारतीय वैद्यक परिषदेने २००२मध्ये केलेल्या आचारसंहितेत डॉक्टरांनी दर पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर वैद्यकीय शिक्षणात घालवावेत, असे म्हटले आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने त्याला नोंदणीच्या नूतनीकरणाशी जोडले. पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवायचे, प्रमाणपत्रे दाखवायची, नोंदणी पुढे चालू. कार्यक्रमाला परिषदेची मान्यता लागते आणि परिषदेचा निरीक्षकही हजर राहतो. अनेक राज्यांत एवढेही घडत नव्हते, तेव्हा महाराष्ट्राने हे लावून धरले याची नोंद घ्यायला हवी. पण या सगळ्या व्यवस्थेत मोजली जाते ती हजेरी. रविवारी सकाळी सभागृहात बसलेला डॉक्टर सोमवारी संध्याकाळच्या ओपीडीत काही वेगळे करतो का, हे कोणीच पाहत नाही.

व्याख्यानाने वागणे किती बदलते, याचा जगभर कसून अभ्यास झालेला आहे. कॉक्रेन या संस्थेच्या २००९च्या आढाव्यात अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा सभा आणि कार्यशाळांमुळे अपेक्षित उपचारपद्धतीत होणारी सुधारणा साधारण सहा टक्के एवढीच दिसली. नुसते ऐकण्यापेक्षा चर्चा आणि हाताने करून पाहणे यांची जोड दिली तर परिणाम वाढतो, हेही त्यात आले. अनुभवाने सगळे आपोआप येते हा आपला लाडका समज तर आणखीच डळमळीत आहे. २००५मध्ये अमेरिकेतील एका आढाव्यात ६२ मूल्यमापने तपासली गेली. त्यांतल्या निम्म्याहून थोड्या अधिक ठिकाणी व्यवसायाची वर्षे वाढत गेली तशी उपचारांची गुणवत्ता घसरलेली आढळली. यात ज्येष्ठ डॉक्टरांचा अपमान करण्यासारखे काही नाही. विद्यार्थिदशेत शिकलेले पक्के बसते आणि ते नंतर चुकीचे ठरले तरी हात तिकडेच वळतो, एवढाच त्याचा अर्थ. क्षयरोगाचेच पाहा. आठवड्यातून तीनदा औषध देण्याची पद्धत २०१७मध्ये बदलून रोज देण्याची झाली. प्रतिरोधी क्षयरोगासाठी सहा महिन्यांच्या, बेडाक्विलिन हे औषध असलेल्या नव्या उपचारक्रमाला केंद्राने २०२४मध्ये मान्यता दिली. १९९५च्या सुमारास एमबीबीएस झालेल्याला शिकताना हे बदल माहीत असणे शक्य नव्हते.

ठाऊक असणे आणि करणे यांच्यातले अंतर हा यातला सर्वात अवघड भाग आहे आणि आपल्याकडच्या चर्चेत तो जवळजवळ येतच नाही. जिष्णू दास, मधुकर पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीत एक वेगळी रीत वापरली. स्थानिक लोकांना नीट शिकवून, क्षयाची लक्षणे सांगणारे रुग्ण म्हणून दवाखान्यांत पाठवले. डॉक्टरांनी अशा पाहणीला आधी संमती दिलेली होती, मात्र यांतला रुग्ण कोण आणि तो कधी येणार हे त्यांना माहीत नव्हते. २०१५मध्ये निष्कर्ष आले : फक्त २१ टक्के भेटींत योग्य पाऊल उचलले गेले. हाच रुग्ण कागदावर लिहून विचारला, तेव्हा मात्र याहून कितीतरी जास्त डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी सांगितली. मुंबई आणि पाटण्यात याच पद्धतीने मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८मध्ये आले. तिथे प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास होते.

माहीत असूनही तपासणी का सांगितली जात नाही? गोवंडीतल्या किंवा भिवंडीतल्या छोट्या दवाखान्याची कल्पना केली तर उत्तर मिळते. बाहेर रांग आहे, समोरचा मजूर आहे, त्याचा दिवसाचा रोज बुडालेला आहे. त्याला खोकला आज थांबायला हवा आहे. तपासणी सांगितली तर तो शेजारच्या डॉक्टरकडे जाईल ही भीती खरी आहे. मग आधी एखादे प्रतिजैविक, अनेकदा क्विनोलोन गटातले, दिले जाते. हे औषध क्षयाच्या जंतूंवर अर्धवट काम करते, खोकला काही दिवस दबतो, निदान आठवडे लांबते. शिवाय प्रतिरोधी क्षयाच्या उपचारात हाच गट पुढे लागणार असतो, तो आधीच बोथट होतो. या डॉक्टरला आणखी एक व्याख्यान ऐकवून भागणार नाही. त्याच्या रुग्णाला मोफत तपासणी जवळच मिळाली, अहवाल लवकर आला, तर त्याचा निर्णय बदलेल. मुंबईत २०१४पासून खासगी डॉक्टरांना महापालिकेच्या कार्यक्रमाशी जोडणारा जो उपक्रम चालला, त्यात मोफत तपासणीची आणि औषधांची व्हाउचर होती. शिक्षण आणि सोय हातात हात घालून गेली, तर काय होऊ शकते याचा तो धडा आहे.

पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातला प्रयोगही विचारात घेण्यासारखा आहे. तिथल्या पदवी नसलेल्या वैद्यकीय सेवकांना नऊ महिने, सुमारे १५० तास शिकवले गेले आणि परिणाम पुन्हा शिकवून पाठवलेल्या रुग्णांच्या मदतीनेच तपासला गेला. 'सायन्स'मध्ये २०१६ साली आलेल्या या अभ्यासात रुग्णांची हाताळणी निश्चित सुधारली. अनावश्यक प्रतिजैविके मात्र कमी झाली नाहीत. दीर्घ आणि सलग शिकवण्याचा उपयोग होतो. पण ज्या सवयीला औषधविक्रीच्या कमाईचा आधार आहे, ती तासांनी मोडत नाही.

पैशाचा हा धागा डॉक्टरांच्या परिषदांपर्यंतही जातो. सभागृहाचे भाडे, जेवण आणि वक्त्याचा प्रवास यांचा खर्च कोणी करायचा? बहुतेक ठिकाणी औषध कंपन्यांनी. भारतीय वैद्यक परिषदेने २००९मध्ये डॉक्टरांना कंपन्यांकडून भेटी, प्रवास आणि पाहुणचार घेण्यास मनाई केली. फेब्रुवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा खर्चावर कंपन्यांना करसवलत नाकारली. ऑगस्ट २०२३मध्ये, या परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने आणखी कडक नियम आणले. कंपन्यांच्या पैशावर होणाऱ्या शिक्षण कार्यक्रमांत डॉक्टरांनी भाग घेऊ नये, असा त्यांचा रोख होता. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि त्याच महिन्यात ते स्थगित झाले. औषध कंपन्यांसाठीच्या मार्च २०२४च्या सरकारी विपणन संहितेने परदेशातल्या कार्यक्रमांवर बंदी घातली, पण देशातल्या शैक्षणिक कार्यक्रमांना पाठबळ देण्याची वाट अटींसह खुली ठेवली. संघटनांचा युक्तिवाद असा होता, की कंपन्या गेल्या तर कार्यक्रमच होणार नाहीत. तो अगदीच पोकळ नाही. पण त्याचे उत्तर कंपन्यांना आत ठेवणे हे नव्हे. नूतनीकरणाच्या शुल्कातून आणि सरकारी तरतुदीतून शिक्षणाचा स्वतंत्र निधी उभा करणे हे आहे. स्वस्त आणि जुन्या औषधाबद्दल कोणतीही कंपनी व्याख्यान ठेवत नाही. जुलाबात ओआरएस आणि जस्त द्या, हे जागतिक आरोग्य संघटनेने आणि युनिसेफने २००४मध्ये सांगितले, त्यासाठी कोणता प्रतिनिधी दवाखान्याचा जिना चढणार आहे?

महाराष्ट्रात चांगले उदाहरण नाही असे नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७०च्या दशकात लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरताना पाहिली. त्यांनी प्रत्येक रुग्णाजवळ बसून निरीक्षणे लिहिली, ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढे रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध उपयोगी पडते, हे दाखवून दिले. फुप्फुसात पाणी झालेल्या रुग्णांमधले मृत्यू ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते एक टक्क्यावर आले. हे ज्ञान मोठ्या शहरातून खेड्यात आलेले नाही. ते खेड्यातच तयार झाले आणि आजूबाजूच्या केंद्रांमधल्या डॉक्टरांपर्यंत रुग्ण दाखवत, औषधाची मात्रा ठरवत पोहोचले. निरंतर शिक्षणाचे याहून खरे रूप दुसरे कोणते असेल, असे आम्हाला वाटत नाही.

त्याच दिशेने जाणारी रीत अमेरिकेत न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३मध्ये सुरू केली. हेपटायटिस सीचे रुग्ण दूरच्या गावांत होते आणि तज्ज्ञ एकाच शहरात. दर आठवड्याला दूरदृश्य बैठकीत गावचे डॉक्टर आपला खराखुरा रुग्ण मांडू लागले आणि तज्ज्ञ त्यावर चर्चा करू लागले. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गावातल्या दवाखान्यांमधले बरे होण्याचे प्रमाण विद्यापीठाच्या रुग्णालयाइतकेच, ५८ टक्क्यांच्या आसपास निघाले. भारतातही ही पद्धत मानसिक आरोग्यासाठी वगैरे वापरली गेली आहे. नंदुरबार, गडचिरोली, सिंधुदुर्ग अशा जिल्ह्यांतल्या केंद्रांना जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी असे बांधून देणे फार खर्चाचे नाही. आठवड्यात एक तास आणि खरा रुग्ण, एवढे पुरते.

या चर्चेत परिचारिका नेहमी शेवटी येतात, वास्तविक त्या आधी यायला हव्यात. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक पाच वर्षांत १५० तासांचा, म्हणजे डॉक्टरांच्या पाचपट आहे. ते तास काढायचे कधी? रात्रपाळीत एका वॉर्डाला एक स्टाफ नर्स असेल, तर प्रशिक्षणाला जाणे म्हणजे वॉर्ड उघडा टाकणे. नवजात बाळाला श्वास घ्यायला मदत करणे हे कौशल्य २००९पासूनच्या नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमात दोन दिवसांत शिकवले जाते. पण सराव नसेल तर असे हाताचे कौशल्य काही महिन्यांतच ओसरते, हे पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. प्रसूतिगृहातच बाहुली आणि अॅम्बू बॅग ठेवून दर आठवड्याला दहा मिनिटे सराव झाला, तर त्या दोन दिवसांचे चीज होते. त्यासाठी रिक्त पदे भरावी लागतील, बदली परिचारिका द्यावी लागेल. आशा आणि एएनएम यांनाही हेच लागू आहे.

ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१२पासून डॉक्टरांना पाच वर्षांनी परवाना टिकवताना दरवर्षीच्या मूल्यमापनाबरोबर रुग्णांचा आणि सहकाऱ्यांचा अभिप्राय, तसेच आपल्या कामात केलेली सुधारणा दाखवावी लागते. तो सगळा डोलारा इथे उचलून आणावा, असे आम्ही म्हणत नाही. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरवर तो बोजा होईल. पण महाराष्ट्र वैद्यक परिषदेने ३० पैकी निदान दहा गुण सभेबाहेरच्या कामासाठी राखून ठेवावेत. डॉक्टरने आपल्या शेवटच्या पन्नास खोकल्याच्या किंवा जुलाबाच्या रुग्णांच्या चिठ्ठ्या स्वतः तपासाव्यात, जिल्ह्यातल्या एखाद्या प्राध्यापकाशी त्यावर बोलावे, सहा महिन्यांनी पुन्हा तपासाव्यात. चूक सापडली म्हणून कारवाई होणार नाही, अशी लेखी हमी परिषदेने आधी द्यावी, नाहीतर कोणीही खऱ्या चिठ्ठ्या पुढे ठेवणार नाही. सुरुवात क्षयरोगापासून करता येईल. त्याची मोफत तपासणी सरकारकडे आहे, औषधे आहेत. रुग्णाची नोंद करणे खासगी डॉक्टरांना २०१२पासून बंधनकारक आहे, त्यामुळे प्रत्येक जिल्ह्यात आकडेही हाताशी आहेत. पुढच्या नूतनीकरणाच्या फेरीपासून हे काही मोजक्या जिल्ह्यांत करून पाहायला परिषदेला आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला नव्या कायद्याची वाट पाहावी लागू नये.