वाशीम : शहर वाढले, शेजाराचे काय?

वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले प्राचीन वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. इंग्रजी अमदानीत ते जिल्ह्याचे ठिकाण होते. १९०५ मध्ये गेलेला तो मान १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन परत मिळाला. त्यानंतर शहराचे रूप पालटले. २००१ च्या जनगणनेत सुमारे ६३ हजार असलेली शहराची लोकसंख्या २०११ मध्ये ७८ हजारांवर गेली. दहा वर्षांत शहर जवळजवळ पाव हिश्श्याने वाढले. जिल्ह्याची वाढ मात्र सतरा टक्के होती.

ही वाढ मोठ्या कारखान्यांमुळे झालेली नाही. सरकारी कचेऱ्या, न्यायालय, महाविद्यालये, शिकवणीवर्ग व दवाखाने यांनी माणसे ओढून आणली. सोयाबीन आणि तुरीच्या कोरडवाहू शेतीवर भागेनासे झाले, तेव्हा खेड्यातील कुटुंबाने मुलांच्या शिक्षणासाठी शहरात खोली घेतली. म्हातारे आईवडील गावीच राहिले. शिकलेली मुले पुढे पुण्या-मुंबईकडे निघतात. म्हणजे वाशीम हे अनेकांसाठी घर नव्हे, तर वाटेवरचा मुक्काम ठरत आहे. जुन्या पेठेत माणूस घराण्याच्या नावाने ओळखला जाई. नव्या वसाहतीत तो भाडेकरू असतो. बालाजीच्या या नगरीत अनेक धर्म-जातींची माणसे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदली. तो शेजार नव्या वस्त्यांत आपोआप उभा राहत नाही.

याहून गंभीर बाब आकड्यांतच आहे. जिल्ह्यातील साक्षरता २०११ पर्यंत ८३ टक्क्यांवर पोहोचली. परंतु सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मधील ९१८ वरून ८६३ वर घसरली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये केला होता. शिक्षण वाढावे आणि पाळण्यातील मुली कमी व्हाव्यात, हे कोणत्या प्रगतीचे लक्षण?

२०१८ मध्ये वाशीमचा समावेश देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांत झाला. डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्गही जिल्ह्यातून वाहू लागला. रस्ता माणसे आणतो, तसा नेतोही. २०२१ ची जनगणना झालीच नाही. नव्या गणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी ठरली आहे. ती गणना डोकी मोजील. गावी एकटे राहिलेले वृद्ध, खोलीतला परका विद्यार्थी आणि जन्माला येऊ पाहणारी मुलगी यांना आपले मानण्याचे काम मात्र कोणताही प्रगणक करणार नाही. ते वाशीमकरांनाच करावे लागेल.