अंगावर बुकीचं नाव, बोट मात्र खेळाडूकडं

मायकल चोप्रा हे नाव फुटबॉल बघणाऱ्यांपैकीही थोड्यांनाच आठवत असेल. केरळ ब्लास्टर्सकडून खेळायला आलेला इंग्लिश स्ट्रायकर. २०१४ साली इंडियन सुपर लीगचा पहिला हंगाम झाला तेव्हा त्याचा केवढा गाजावाजा होता. सचिन तेंडुलकर संघाचा सहमालक, इंग्लंडचा माजी गोलकीपर डेव्हिड जेम्स खेळाडू आणि प्रशिक्षकही, आणि पुढच्या फळीला हा चोप्रा. २० डिसेंबरला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर फायनल झाली. अगदी शेवटच्या क्षणी कोलकात्याच्या मोहम्मद रफीकनं गोल केला आणि केरळ १-० हरलं.

चोप्राचा विषय निघाला की तिकडं आणि इकडं एकच ठरलेलं मत ऐकायला मिळतं. गुणी होता, पण कुठं टिकला नाही. पैसा पचला नाही. जुगारात घालवलं सगळं. तीन वाक्यांत माणसाचा निकाल. माझं भांडण या तीन वाक्यांशी आहे.

पहिलं वाक्य घेऊ. कुठं टिकला नाही म्हणे. व्यावसायिक क्लब मोजले तर दहा होतात. पण ही भटकंती कशी घडली ते बघा. जन्म १९८३ चा, न्यूकॅसलचा. वडील भारतीय वंशाचे, आई इंग्रज. गावच्याच न्यूकॅसल युनायटेडच्या अकादमीत पोरगं वाढलं. २००२ मध्ये अठराव्या वर्षी पहिल्या संघात आलं, तेव्हा पुढं ॲलन शिअरर होता. शिअरर असताना पोराला जागा कुठली? मग लोनवर, म्हणजे आपल्या भाषेत उसनं देणं सुरू. वॉटफर्डला गेला, तिथं एप्रिल २००३ मध्ये बर्न्लीविरुद्ध एकट्यानं चार गोल मारले, सामना ७-४. मग नॉटिंगहॅम फॉरेस्ट. मग बार्न्सली. १७ एप्रिल २००६ ला न्यूकॅसलच्या कट्टर शेजाऱ्यांविरुद्ध, म्हणजे संडरलँडविरुद्ध, बदली खेळाडू म्हणून उतरला आणि पंधरा सेकंदांत गोल केला. प्रीमियर लीगमध्ये गोल करणारा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू तो हाच.

त्याच उन्हाळ्यात न्यूकॅसलनं त्याला कार्डिफला विकलं. किंमत ५ लाख पौंड. कार्डिफकडून एका हंगामात लीगचे २२ गोल झाले, आणि ज्यांच्यावर गोल मारला त्याच संडरलँडनं ५० लाख पौंड मोजून त्याला उचललं. वर्षात दसपट भाव. आता मला सांगा, टिकला नाही कोण? खेळाडू, की त्याला बाजारात उभं करणारे? आपल्याकडं झेडपीच्या शिक्षकाची दहा वर्षांत पाचदा बदली झाली तर आपण त्याला भटक्या म्हणत नाही, बदल्या करणाऱ्याला शिव्या देतो. फुटबॉलपटूला मात्र आपण सरळ ‘अस्थिर’ ठरवून मोकळे.

आता दुसरं आणि तिसरं वाक्य. पैसा आणि जुगार. इथं जरा तारखा नीट वाचा.

११ ऑगस्ट २००७. संडरलँडचा हंगामातला पहिला सामना, समोर टॉटनहॅम. चोप्रा बदली म्हणून येतो, अगदी शेवटी गोल करतो, १-०. स्टेडियम डोक्यावर. त्या दिवशी त्याच्या छातीवर कुणाचं नाव होतं? बॉयलस्पोर्ट्स. ही आयर्लंडची बेटिंग कंपनी. बरोबर तीन आठवड्यांनी, १ सप्टेंबर २००७ ला, ब्रिटनचा २००५ चा जुगार कायदा पूर्णपणे अमलात आला आणि टीव्हीवर बेटिंगच्या जाहिरातींचं दार उघडलं.

म्हणजे तेविसाव्या वर्षी एका पोराच्या छातीवर क्लब बुकीचं नाव छापतो, लाखो लोकांसमोर त्याला पळवतो, त्याच्या गोलचा आनंद बुकीच्या नावासकट घराघरात पोचवतो. आणि त्याच पोरानं संध्याकाळी पैसे लावले की तो व्यसनी, कमकुवत मनाचा, ‘पैसा न पचलेला’.

२०११ मध्ये इप्सविचला असताना चोप्रानं स्वतःच तोंड उघडलं. वीस लाख पौंडांच्या घरात पैसा जुगारात गेल्याचं त्यानं सांगितलं. सावकारांकडून उचल, मग त्यांच्या धमक्या. उपचारासाठी तो स्पोर्टिंग चान्स या संस्थेत गेला. आर्सेनलचा माजी कप्तान टोनी ॲडम्स स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर पडल्यावर त्यानं ती काढली होती. सुरुवात कुठं झाली तर संघाच्या बसमध्ये, पत्त्यांच्या डावात.

यात मला काही नवल वाटत नाही. लोनवर पाठवलेल्या वीस-बावीस वर्षांच्या पोराचा दिवस डोळ्यांसमोर आणा. गाव अनोळखी, राहायला हॉटेल. सराव दुपारी संपतो. पुढचा अख्खा दिवस रिकामा. खिशात पगार, हातात फोन, ना आई-बाप ना शाळेतले मित्र. सहा महिन्यांनी नवं गाव, नवं हॉटेल. ही भटकंती आणि ते व्यसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला वाटत नाही.

इथं काहीजण म्हणतील, अहो पत्रकार, तेच जीवन हजारो खेळाडू जगतात, सगळे बुडतात का? नाही बुडत. आणि चोप्रा देव होता असं माझं म्हणणं नाही. घोड्यांच्या शर्यतीतल्या सट्ट्याच्या प्रकरणात २०१३ मध्ये तिथल्या शर्यत प्राधिकरणानं त्याच्यावर १० वर्षांची बंदी घातली. ते त्याचं कृत्य, त्याची शिक्षा त्याला. पण विहिरीला कठडा बांधा असं म्हणणाऱ्याला ‘सगळे कुठं पडतात’ असं उत्तर देऊन चालतं का? त्यातून इथं तर विहिरीवरच जत्रेची पाटी लावलेली आहे.

हे एकट्या चोप्रापुरतं असतं तर मी गप्प बसलो असतो. ऑगस्ट २०१३, चोप्रा ब्लॅकपूलला. सरावाला सहाच खेळाडू हजर, यावर त्यानं चिडून ट्विट केलं आणि ते गाजलं. तो ज्या लीगमध्ये खेळत होता तिचं त्या हंगामापासूनचं नावच ‘स्काय बेट’! पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, इंग्लिश फुटबॉल संघटनेनं वरच्या आठ स्तरांतल्या खेळाडूंना जगातल्या कुठल्याही फुटबॉल सामन्यावर पैसे लावायला पूर्ण बंदी केली. खेळाडूला बंदी, लीगच्या नावात मात्र बेट. दोन वर्षांनी त्याच संघटनेनं लॅडब्रोक्स या बुकी कंपनीशी भागीदारी केली. २०१७ मध्ये जोई बार्टनला सट्टेबाजीबद्दल १८ महिन्यांची बंदी झाली, लोकांनी हा ढोंगीपणा चव्हाट्यावर आणला, तेव्हा कुठं तो करार मोडला.

२०२३ मध्ये इव्हान टोनी. हाही न्यूकॅसल, बार्न्सली करत गावोगाव लोनवर फिरलेला स्ट्रायकर. सट्ट्याचे २३२ नियमभंग, आठ महिने बंदी. सुनावणीत त्याला जुगाराचं व्यसन असल्याचं निदान मान्य झालं. त्याच्या ब्रेंटफर्डच्या जर्सीवर ठळक नाव होतं हॉलिवूडबेट्स. माणसं बदलली, पण छातीवरचा धंदा तोच. आता प्रीमियर लीगचे क्लब म्हणतात, २०२५-२६ चा हंगाम संपला की छातीवर बुकीचं नाव लावणार नाही. बाहीवर चालेल! छातीवरचं विष बाहीवर आलं की औषध होतं वाटतं.

तुम्ही म्हणाल, इंग्लंडच्या क्लबांचं आम्हाला काय? सांगतो.

मी वीसेक वर्षं तालुक्याच्या ठिकाणी बातमीदारी करतोय. आठवड्याला पोलिसांची प्रेस नोट येते. ‘टपरीच्या आडोशाला कल्याण मटका चालवणाऱ्यास अटक, काही शे रुपयांचा मुद्देमाल हस्तगत, मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा कलम १२ (अ) प्रमाणे गुन्हा.’ कायदा १८८७ चा. आरोपीचं नाव, वय, गल्ली सगळं छापून येतं. आणि ज्या दैनिकासाठी मी लिहायचो, त्यात त्याच बातमीच्या खाली रमीच्या ॲपची पाव पान जाहिरात यायची, हसऱ्या सिनेनटासकट. ऑनलाईन डावात शेताचं अनुदान आणि बहिणीच्या लग्नाचे पैसे घालवलेल्या पोरांवर मी तीन भागांची मालिका सुचवली होती. उत्तर आलं, ‘आधी जाहिरात विभागाशी बोलून घ्या.’ मालिका आजतागायत छापून आलेली नाही. तेव्हा संडरलँडच्या मालकांना हसायचा आपल्याला फारसा अधिकार नाही.

क्रिकेटचं वेगळं काय? ड्रीम इलेव्हन २०२० मध्ये आयपीएलचा मुख्य प्रायोजक होता, २०२३ पासून भारतीय संघाच्या छातीवर होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा केला तेव्हाच तो उतरला. म्हणजे मंडळाला लाज वाटून नव्हे, कायदा आला म्हणून. आणि आपल्या राज्यात? जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात मोबाईलवर रमी उघडी दिसल्यावरून ज्या मंत्र्यांवर टीकेची झोड उठली (आपण खेळत नव्हतो असं त्यांचं म्हणणं), त्यांचं कृषी खातं गेलं आणि त्यांना मिळालं क्रीडा खातं. यावर मी काही लिहीत नाही, तुम्हीच हसा किंवा रडा.

तरी त्या नव्या कायद्यातली एक गोष्ट मला बरोबर वाटते. शिक्षा धंदा चालवणाऱ्याला आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत. नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही. बुडणाऱ्याला गुन्हेगार ठरवायचं नाही, ही समज इंग्लंडला इतके खेळाडू गमावून पुरती आलेली नाही. आपल्याकडं ती निदान कागदावर आली. आता ती कागदावरच राहू नये यासाठी आवाज करायला हवा, कारण जाहिराती नाव बदलून, ‘न्यूज’ची टोपी घालून परत येतात, हे आपण गेली काही वर्षं बघतोच आहोत.

चोप्रा २०१६ मध्ये केरळकडं परत आला, संघ पुन्हा फायनलला पोचला आणि कोचीत पेनल्टीवर हरला. भारताकडून खेळायची त्याची इच्छा होती, पण आपल्या नियमानं त्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट सोडावा लागला असता. ते राहिलंच. त्याची कारकीर्द अशी बाकी राहिलेल्या गोष्टींची आहे, आणि त्यातल्या बऱ्याच त्याच्या स्वतःच्या खात्यावर आहेत हे मला मान्य आहे. पण खेळ विकून बुकीचा पैसा खाल्लेल्या क्लबांचं आणि लीगचं खातं कुणी उघडायचं?

गावात एखादं पोरगं असं अडकलेलं दिसलं तर त्याला ‘पैसा पचला नाही’ म्हणून मोकळे होऊ नका. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे. तो त्याच्या हातात द्या. आणि जी जर्सी आपण पोराला घेऊन देतो तिच्यावर कुणाचं नाव छापलंय, ते एकदा चष्मा लावून वाचा.

पटलं नाही तर खाली भांडा, मी आहेच.